आजोबांच्या चाकूची खिळी

घरातली जुनी ट्रंक किंवा आजोबांच्या टेबलाचा खालचा खण उघडून पाहा. किल्ल्या, चष्म्याची काडी, बंद पडलेले घड्याळ यांच्या जोडीला एखादा घडीचा चाकू बहुधा सापडेलच. मूठ शिंगाची किंवा हाडाची, पाते काळपट पण धार लावता येईल असे. उघडून पाहिले की पाते डावीउजवीकडे डुलते, किंवा मिटताना तिरके होऊन मुठीवर घासते. घरातली मोठी माणसे म्हणतात, "टाकून दे तो, नवीन आणू."

टाकू नका. अशा चाकूत पुष्कळदा बिघडलेली असते ती एक खिळी. दीड ते अडीच मिलिमीटर जाडीची आणि जेमतेम सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर लांबीची ती एक तारेची तुकडी. ती बदलली की चाकू पुन्हा कामाला लागतो. बदलण्याचे काम घड्याळजी, सोनार किंवा हाताचा सराव असलेला कोणीही कारागीर अर्ध्या तासात करील. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: तार कोणती घ्यायची आणि ती आणायची कोठून?

हा प्रश्न मी शाळेत असताना स्वतःला विचारला नव्हता. वडिलांच्या शिंगाच्या मुठीच्या चाकूची खिळी निसटली होती. सायकलच्या मोडक्या चाकाचा आरा हाताशी होता. तो भोकात बरोबर बसला. तुकडा कापला, दगडावर ठेवला आणि हातोडीने टोक ठोकायला सुरुवात केली. टोक काही पसरेना. मी आणखी जोरात ठोकले. पाचव्या की सहाव्या ठोक्याला शिंगाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली. वडील काही बोलले नाहीत, चाकू फक्त कपाटात ठेवून दिला. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते!

चूक तारेची होती. कशी ते समजण्यासाठी आधी चाकूची रचना पाहू.

घडीच्या चाकूच्या मुठीत दोन पातळ पत्रे असतात, बहुधा पितळेचे. त्यांच्या मध्ये पाठीच्या बाजूला पोलादी कमान आणि पुढच्या टोकाला पात्याचा बुंधा. हे सारे आरपार खिळ्यांनी एकत्र धरलेले असते. पुढची खिळी ही पात्याची बिजागरी. तिला डोके नसते. तार भोकातून घालायची आणि दोन्ही टोके हलक्या हाताने ठोकून पसरवायची. टोक छत्रीसारखे फुलते व निघून येत नाही. म्हणजे खिळीला दोन उलट कामे करावी लागतात. ठोकताना तिने लोण्यासारखे मऊ असावे, आणि नंतर वर्षानुवर्षे पाते अंगावर फिरत असताना टिकावे.

तुम्ही म्हणाल, "मऊ तार तुटणार नाही का?" हिशेब करून पाहू. खिळीची जाडी २.४ मिलिमीटर धरा. तिच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ४.५ चौरस मिलिमीटर येते. पात्याच्या दोन्ही बाजूंना पत्रे असल्यामुळे खिळी कापली जायची तर ती एकाच वेळी दोन ठिकाणी कापली गेली पाहिजे, म्हणजे एकूण ९ चौरस मिलिमीटर. मऊ पितळ असे कापायला दर चौरस मिलिमीटरला सुमारे २०० न्यूटन बल लागते. गुणाकार केला की १,८०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ १८० किलोग्रॅम वजनाचा भार! सफरचंद कापताना एवढा भार कोण देतो? तेव्हा बळकटीची चिंता नको. चिंता करायची ती झिजेची. पाते आणि खिळी एकमेकांवर घासतात, दोघांपैकी कोणीतरी झिजणारच. पाणी दिलेल्या पोलादी पात्याचे भोक झिजून लांबट झाले तर पाते गेले. खिळी झिजली तर चार आणे गेले. म्हणून जुने कारागीर पात्यापेक्षा मऊ धातूची खिळी वापरीत.

आता सायकलचा आरा. तो तयार होतो थंड तार लहान लहान भोकांतून ओढून. धातूचे अणू स्फटिकांच्या थरांत मांडलेले असतात आणि धातू वाकतो किंवा पसरतो तो हे थर एकमेकांवरून सरकल्यामुळे. थंड धातू ओढला, वाकवला किंवा ठोकला की सरकणाऱ्या थरांत गुंतवळ होत जातो आणि पुढचे सरकणे अवघड होते. धातू कठीण होतो. आऱ्याला हा कठीणपणा हवाच असतो, नाहीतर चाक डगमगेल. पण हातोडीखाली तो पसरत नाही. तो उलटा मुठीवर जोर देतो.

याचा अनुभव घरी घ्या. तांब्याची जाड तार वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा. प्रत्येक वेळी जास्त जोर लागेल. आता तीच तार चिमट्यात धरून ज्योतीत मंद लाल होईपर्यंत तापवा आणि गार होऊ द्या. ती पहिल्यासारखी मऊ झालेली असेल. उष्णतेने गुंतवळ सुटते आणि नवे, मोकळे स्फटिक तयार होतात. या क्रियेला अनुशीतन म्हणतात. पुण्यातल्या तांबट आळीत कोणी हंडा मठारताना पाहायला मिळाले तर लक्ष ठेवा. हातोडीच्या एकेका ठोक्याने तांबे कठीण होते. मठाराच्या त्या चकाकत्या ठशांनी भांड्याला शोभा येते आणि बळही येते. पण भांड्याला आकार देत असताना तांबे फार कठीण झाले तर ते चिरते, म्हणून मधूनमधून ते भट्टीत तापवून मऊ करून घ्यावे लागते.

पितळेलाही हीच युक्ती लागू पडते. मंद प्रकाशात जेमतेम लाली दिसेल एवढेच तापवायचे. पांढरा धूर दिसू लागला तर जस्त जळते आहे असे समजून ताबडतोब थांबायचे, तो धूर श्वासात जाऊ देऊ नये. तापलेले पितळ पाण्यात बुडवले तरी मऊच राहते. पोलादाचे वागणे नेमके उलटे. पुरेसे कार्बन असलेले पोलाद लाल करून पाण्यात बुडवले की काचेसारखे कठीण व ठिसूळ होते. ते मऊ करायचे तर राखेत पुरून हळूहळू निवू द्यावे लागते. आणि एक सूचना: खिळी चाकूत घालण्यापूर्वीच तापवायची, चाकूत बसल्यावर कधीही नाही. पात्याचे पाणी उतरेल, शिंग करपेल. आणि मूठ सेल्युलॉइडची असली तर ती भडकन पेट घेईल.

आता तार शोधायला निघू. बरोबर एक लोहचुंबक, एक कानस आणि चाकूतून काढलेली जुनी खिळी घ्या. ती खिळी फेकून देऊ नका, मूळ कारागिराने काय वापरले होते याची ती साक्ष आहे.

पहिला मुक्काम वेल्डिंगचे सामान विकणारे दुकान. तेथे झाळकामासाठी पितळेच्या कांड्या मिळतात, जाडी १.६, २.४ आणि ३.२ मिलिमीटर. हे आकडे असे विचित्र का? कारण ते मुळात इंचाचे अंश आहेत: १/१६, ३/३२ आणि १/८ इंच. इंग्लंडमधल्या शेफील्डचे जुने चाकूही इंचाच्याच मापाचे. त्यामुळे ३/३२ इंचाच्या, म्हणजे २.३८ मिलिमीटरच्या भोकात २.४ ची कांडी पॉलिश कागदाने किंचित घासली की चपखल बसते. या कांड्यांत जस्त बरेच असते, त्यामुळे त्या थोड्या ताठ असतात. म्हणून आधी तापवून मऊ कराव्यात. एका कांडीत गावातल्या सगळ्या चाकूंच्या खिळ्या होतील.

"जुन्या स्विचमधला पितळी स्क्रू चालेल का?" असे एखाद्याच्या मनात येईल. नाही चालणार, आणि कारण मजेदार आहे. लेथवर कातायच्या पितळेत मुद्दाम थोडे शिसे घालतात. शिसे पितळेत विरघळत नाही, त्याचे बारीक कण पसरून राहतात आणि त्यामुळे कातताना किस लांब न निघता तुटून पडतो. कातणाऱ्याची सोय झाली, पण ठोकणाऱ्याची पंचाईत! अशा पितळेचे टोक पसरवू गेले की कडेला भेगा पडतात. प्लगच्या पिना, नळाची फिरकी, स्क्रू हे बहुधा या जातीचे.

लोखंडी चूक मऊ पोलादाची असते. तापवून राखेत निववली तर ठोकायला उत्तम. जुन्या चाकूंत अशा खिळ्या पुष्कळ सापडतात. पण गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. कोकणासारख्या दमट हवेत भोकातली खिळी गंजून फुगते आणि हाडाची मूठ आतून फोडते. पितळी रंगाची म्हणून विकलेली चूक मात्र लोहचुंबकाला दाखवल्याशिवाय घेऊ नका. चिकटली तर आत पोलाद आहे, वर फक्त मुलामा. ॲल्युमिनियमची तार मऊ असते आणि कोठेही मिळते, तरी नको. पितळ, ॲल्युमिनियम आणि मध्ये लिंबाचा रस किंवा हाताचा घाम, हा व्होल्टाचा छोटा घटच झाला. त्यात ॲल्युमिनियम हळूहळू खाऊन जाते.

काही चाकूंच्या मुठीच्या टोकाला पांढऱ्या धातूची चकचकीत टोपी असते. खिळी कोठे आहे ते तेथे दिसतही नाही. ही टोपी जर्मन सिल्व्हरची. नावात चांदी असली तरी धातूत नाही. आहेत तांबे, निकेल आणि जस्त. चीनमधून येणाऱ्या अशा धातूची नक्कल जर्मनीत १८२० नंतरच्या दशकात साधली, त्यावरून हे नाव. खिळीही त्याच मिश्रधातूची घातली आणि वरून कानशीने सपाट करून घासली की दोन्ही एकजीव दिसतात. निकेल लोहचुंबकाला चिकटते, पण हा मिश्रधातू चिकटत नाही. भंगारवाल्याकडे मात्र जपून बोला. नुसते "जर्मन" मागितले तर तो ॲल्युमिनियमचे पातेले पुढे करील, कारण आपल्याकडे 'जर्मनची भांडी' म्हणजे ॲल्युमिनियमची! मोडका, मुलामा उडालेला जुना काटा-चमचा मागा. त्याच्या दांड्याची पट्टी कापून सोनाराकडून तार ओढून घेता येते.

मिळालेली तार कोणत्या धातूची, हे वजनावरूनही ताडता येते. २ मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तारेचे आकारमान ३.१४ घन सेंटिमीटर. ती पितळेची असेल तर वजन सुमारे २६.७ ग्रॅम, पोलादाची तर २४.७, तांब्याची २८.१ आणि ॲल्युमिनियमची फक्त ८.५. सोपे आहे ना? पण थांबा. जाडी मोजताना तुमची चूक झाली आणि २.१ ची तार तुम्ही २.० ची मानली, तर आकारमानात दहा टक्क्यांचा फरक पडतो. पितळ आणि पोलाद यांच्या वजनातला फरक त्यात बुडून जातो! म्हणून पट्टीने एक तार मोजू नका. मऊ तारेचे पेन्सिलीवर वीस वेढे खेटून घ्या, वेढ्यांची एकूण लांबी मोजा आणि वीसने भागा. ताठ कांडी असेल तर प्रयोगशाळेतला स्क्रू-गेज मागा. चाकूचे भोक मोजायला ड्रिलची मागची गुळगुळीत बाजू घालून पाहावी. जी घट्ट बसेल ते माप.

पितळेची एक खोड सांगायची राहिली, आणि ती उघडकीला आली आपल्याच देशात. इंग्रजांच्या काळात लष्कराच्या बंदुकीच्या गोळ्या पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये साठवीत. पावसाळा संपल्यावर पाहावे तो गोळ्यांच्या पितळी नळ्यांना चिरा! कोणी हात लावला नव्हता, आग नाही, धक्का नाही. याचा उलगडा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केला. घोड्यांच्या मूत्रातून अमोनिया निघत होता. नळ्या थंड अवस्थेत ओढून केलेल्या असल्याने त्यांच्यात ताण कोंडून राहिलेला होता. ताण आणि अमोनिया एकत्र आले की पितळ चिरते. नळ्या हलक्या तापवून आतला ताण घालवल्यावर उपद्रव थांबला. आपली खिळीही थंड ठोकलेली असते, तिच्या फुललेल्या डोक्यात ताण असतोच. पितळेच्या काही पॉलिशांत अमोनिया असतो, म्हणून चाकूला ती लावू नका. तेलाचा बोळा पुरे.

प्रत्यक्ष काम मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली करा आणि आधी पात्याला चिकटपट्टी गुंडाळा. खिळी दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर बाहेर राहील अशी कापा. पाते आणि पत्रा यांच्यामध्ये तेलकट कागदाची चिटोरी ठेवा, म्हणजे ठोकल्यावर ती ओढून काढली की पात्याला फिरायला जागा राहील. खाली ऐरण किंवा लोखंडी ठोकळा, हातात लहान गोल तोंडाची हातोडी. ठोके हलके आणि पुष्कळ, दोन्ही बाजूंना आलटून पालटून. पाचसात ठोक्यांनंतर पाते उघडून मिटून पाहायचे. घट्ट वाटले की थांबायचे.

वडिलांचा तो चाकू मी पुढे अनेक वर्षांनी कपाटातून काढला. आऱ्याचा तुकडा कानसून काढायला अख्खी दुपार लागली. मग २.४ ची पितळी कांडी तापवून घातली, तीसचाळीस ठोके दिले. शिंगाची चीर तशीच आहे, तिच्यात मी लाख भरली आहे. पाते डुलत नाही. मिटताना कमानीचा 'टक्' असा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जातो.