मनगटावरचा पट्टा आणि मुलांची झोप

"दहाला निजतो, सहाला उठतो, झोप भरपूर होते," असे मस्तगडातली कोणतीही अम्मी सांगेल. जालन्यातल्या इतर मोहल्ल्यांतही हेच उत्तर मिळेल. पण अंथरुणातले तास म्हणजे झोपेचे तास नव्हेत.

चेन्नईतील 452 गरीब प्रौढांच्या मनगटावर हालचाल नोंदवणारी यंत्रे बांधून केलेला एक अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. ही माणसे आठ तास अंथरुणात असत. झोप सरासरी साडेपाच तासच होई. उकाडा, डास, गोंगाट! एका खोलीत पाच-सहा जण निजतात तिथे मुलांचे फार वेगळे असेल, असे आम्हाला वाटत नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना तर नऊ ते बारा तास झोप हवी.

या यंत्राला ॲक्टिग्राफ म्हणतात. दिसायला घड्याळासारखे; तान्ह्या बाळाच्या घोट्यालाही बांधतात. आतला सेन्सर हालचाल टिपतो आणि हालचाल थांबली की झोप लागली असे धरतो. म्हणजे डोळे उघडे ठेवून निपचित पडलेले मूल त्याच्या लेखी झोपलेले, आणि झोपेत कूस बदलणारे जागे! म्हणून एका रात्रीचा आकडा पाहून घाबरू नये. डॉक्टर आठवडा-दोन आठवड्यांच्या नोंदी पाहतात आणि सोबत घरच्यांनी लिहिलेली वहीही मागतात. बाजारातल्या स्वस्त पट्ट्यांवर तर आणखी कमी भरवसा ठेवावा.

हालचाल मोजणाऱ्या पट्ट्याला श्वासाचा अडथळा ओळखता येत नाही. मूल रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, मध्येच श्वास अडखळत असेल, तर पट्टा विकत घेण्याऐवजी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. टॉन्सिल किंवा ॲडेनॉइड वाढलेले असू शकतात.

पट्टा नसला तरी वही आहेच. दिवा कधी मालवला, झोप केव्हा लागली, रात्री किती वेळा उठला, सकाळी स्वतः जागा झाला की हलवून उठवावे लागले, एवढे पंधरा दिवस लिहावे. इशानंतर गप्पा मारत बसणे प्रेषितांना (स.) पसंत नव्हते, मोबाइल तर गप्पांच्याही पुढचा.

फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितले, ते मुलांच्या झोपेसाठीच. पण फजरनंतर लगेच मकतब असेल तर ती सवलत तिथेच संपते. लहानांचा मकतब असरनंतर ठेवता येईल का, हे पालकांनी मौलाना साहेबांशी बोलून पाहावे. रमजानमध्ये तरावीह आणि सहरीमुळे झोप तुटतेच. त्या महिन्यात मुलांना दुपारी कैलुला करू द्यावा आणि वहीत तोही लिहावा.