उमेदवारास प्रश्न कसा विचारावा?

दूरचित्रवाणीवरील निवडणूक-वादात उमेदवाराइतकीच प्रश्नकर्त्याचीही कसोटी लागते. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागो येथे केनेडी व निक्सन समोरासमोर आले. निक्सन उपाध्यक्षपदाच्या अनुभवावर मते मागत होते. पत्रकार सँडर व्हॅनोकर यांनी त्यांना अध्यक्ष आयझेनहॉवर यांचेच उद्गार ऐकविले: निक्सन यांची एखादी मोठी कल्पना आठवण्यास अध्यक्षांनी आठवड्याची मुदत मागितली होती! तो विनोद असावा, असे निक्सन यांना म्हणावे लागले. आरोप करण्यापेक्षा नोंदीवर बोट ठेवणे अधिक परिणामकारक, ते असे.

आता आपल्या अंथुर्ण्याकडे वळू. २०२४ साली इंदापुरात दत्तात्रय भरणे व हर्षवर्धन पाटील लढले. दोघेही येथले आमदार राहिलेले. ‘नीरा डाव्या कालव्याचे पाणी द्याल का?’ या प्रश्नास कोणीही ‘हो’ म्हणेल. ‘आपल्या आमदारकीत टेलच्या गावांना उन्हाळ्यात किती आवर्तने मिळाली?’ असे विचारले, की आकडाच द्यावा लागतो. दोघांना प्रश्न एकच, वेळही सारखा असावा. उत्तर टळल्यास तोच प्रश्न शांतपणे पुन्हा विचारावा.

पत्रकार नसेल तेथे, गावच्या सभेत, हे काम आपणांस करावयाचे आहे, असे आम्हांस वाटते.