‘एकच तर बिडी!’

मोहल्ल्यातील चहाच्या हॉटेलात बाकावर बसून बिडी ओढणारे एखादे चाचा तुम्ही पाहिले असतील. त्यांना कोणी टोकले, तर त्यांचे उत्तर ठरलेले असते, “अरे बेटा, दिवसातून एकच तर ओढतो! एका बिडीने काय होते?” हे उत्तर ते इतक्या विश्वासाने देतात, की ऐकणाऱ्यालाही ते खरे वाटू लागते. आज आपण ते तपासून पाहू.

धूम्रपान म्हटले, की आपल्याला खोकला आठवतो, फुप्फुसांचा कर्करोग आठवतो. पण धूर फुप्फुसात थांबत नाही. त्यातील विषारी पदार्थ काही क्षणांतच रक्तात मिसळतात, आणि रक्त तर डोक्यापासून पायापर्यंत सगळीकडे फिरते. म्हणून धुराचा मोठा घाव बसतो तो हृदयावर आणि मेंदूवर.

हे कसे घडते? आपल्या रक्तात हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. एस.टी.च्या गाडीत प्रवासी बसावेत, तसा प्राणवायू त्यावर बसून शरीरभर जातो. बिडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्टपणे हिमोग्लोबिनला चिकटतो. म्हणजे गाडी भरलेली दिसते, पण खरे प्रवासी स्टँडवरच राहतात! त्याच वेळी तंबाखूतील निकोटीन हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवते. बिचाऱ्या हृदयाला काम जास्त आणि प्राणवायू मात्र कमी.

रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर अतिशय नाजूक आणि गुळगुळीत असते. धुरामुळे ते खराब होते. मग तेथे चरबीचे थर साचतात आणि वाट अरुंद होते. शिवाय रक्तातील रक्तपट्टिका चिकट बनतात. जखम झाल्यावर रक्त गोठवणे हे त्यांचे काम. पण आता जखम नसतानाही त्या रक्तवाहिनीच्या आत गुठळी करू लागतात. ही गुठळी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत अडकली, तर हृदयविकाराचा झटका येतो. मेंदूच्या वाहिनीत अडकली, तर पक्षाघात होतो. तुम्ही घरी त्याला फालिज किंवा लकवा म्हणता. कधी मेंदूतील रक्तवाहिनी फुटूनही पक्षाघात होतो, आणि धूम्रपानाने तोही धोका वाढतो.

आता चाचांच्या हिशेबाकडे वळू. समजा, रोज २० सिगारेटी ओढल्याने हृदयरोगाचा धोका १०४ टक्क्यांनी वाढतो. मग एका सिगारेटने किती वाढेल? तुम्ही लगेच भागाकार कराल आणि सांगाल, सुमारे ५ टक्के. गणित बरोबर आहे. पण शरीर या गणिताने चालत नाही. २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात १४१ अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रोज २० सिगारेटी ओढणाऱ्या पुरुषांमध्ये हा धोका १०४ टक्क्यांनी जास्त आढळला, आणि रोज एकच ओढणाऱ्यांमध्ये ४८ टक्क्यांनी! म्हणजे पाच नव्हे, जवळजवळ निम्मा. पक्षाघाताचा धोकाही एका सिगारेटने २५ टक्क्यांनी वाढलेला दिसला. कारण रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि रक्तपट्टिका थोड्याशा धुरानेही बिघडतात.

“हे सिगारेटचे झाले, बिडी तर पानाची असते,” असेही काही जण म्हणतील. बिडीत तंबाखू कमी असतो, हे खरे. पण तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही. बिडी विझू नये म्हणून पुन्हा पुन्हा आणि जोराने झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर शरीरात जातात. पान झाडाचे आहे म्हणून धूर काही औषधी होत नाही.

जो ओढत नाही, तोही सुटत नाही. घरात दुसऱ्याचा धूर नेहमी घेणाऱ्या माणसाला हृदयरोगाचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी अधिक असतो. एका खोलीच्या घरात हा धूर कोणाकोणाच्या छातीत जातो, ते तुम्हीच मोजा.

मग चाचांनी काय करावे? एकावरून अर्ध्यावर येऊन भागणार नाही. पूर्ण सोडावी लागेल. सोडणे सोपे नाही, कारण निकोटीनची सवय जबर असते. मदतीसाठी १८०० ११२ ३५६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे. पण फायदा लवकर दिसतो. सोडल्यावर साधारण एका वर्षात हृदयरोगाचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो. वय झाले म्हणून उशीर झाला, असे नसते.

आणखी एक गोष्ट तुम्हांला ठाऊक असायला हवी. घरात कोणाचा चेहरा अचानक एका बाजूला वाकडा झाला, एक हात उचलेनासा झाला किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी मालिश करत बसू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून त्रास किती वाजता सुरू झाला, ते घड्याळात पाहून कागदावर लिहून ठेवा. दवाखान्यात डॉक्टर ती वेळ नक्की विचारतील.