उसण भरली की पडून राहायचं?

बादली उचलायला वाकावं आणि कंबरेत अशी उसण भरावी की बादली तिथेच आणि आपणही तिथेच. मग घरात सल्ल्यांना तोटा नसतो. सासूबाई शेकाची पिशवी आणतात. शेजारचे काका म्हणतात, आठवडाभर पाठ टेकून पडा. भाचा मोबाइल पुढे धरतो, ‘मामी, हे आसन कर, दोन मिनिटांत मोकळी होशील.’ शेकाने बरं वाटतं, तो घ्यावा. बाकीच्या दोघांचं मात्र तपासून घ्यायला हवं.

आधी काकांचं. पडून राहिलं की पाठ लवकर बरी होते, असं एके काळी डॉक्टरही सांगत. हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवर केलेला एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. कंबर नुकतीच धरलेल्या या लोकांचे तीन गट केले होते. एकाला दोन दिवस अंथरुणात झोपवलं, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम दिले, तिसऱ्याला सांगितलं, सोसवेल तेवढी रोजची कामं करत राहा. सगळ्यात लवकर सावरला तो तिसरा गट. व्यायामवालेही मागे पडले, म्हणजे पहिल्या दिवसांत भाच्याचाही नेम चुकलाच!

व्यायामाची खरी पाळी येते ती दुखणं तीन महिन्यांपलीकडे रेंगाळलं की. अशा जुनाट कंबरदुखीसाठी अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये गोळ्यांच्या आधी जे उपाय सुचवले, त्यांत व्यायाम, योग आणि ताई ची हा चीनचा संथ हालचालींचा प्रकारही होता. औषध म्हणून नव्हे, दुखणं कमी व्हावं आणि हालचाल सुधारावी म्हणून.

‘पण माझे हात पायाच्या अंगठ्याला लागत नाहीत, मला कसला योग?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता हसूही येत नाही. पुण्यात १९३७ मध्ये आलेले योगगुरू बी. के. एस. अय्यंगार स्वतः लहानपणी आजारांनी खंगलेले होते. त्यांच्या पद्धतीत दोर, लाकडी ठोकळे, लोड, घडीच्या खुर्च्या असतात, आणि ती काही नवशिक्यांवरची मेहेरबानी नव्हे. शरीराला टेकू मिळाला की आवळून धरलेला स्नायू सैल सोडता येतो.

आवळून धरण्यातच बरंचसं गुपित आहे. एकदा कळ आली की माणूस पुढच्या कळेच्या धास्तीने पाठ लाकडासारखी ताठ ठेवतो. मूळची दुखापत भरून आली तरी ती सवय राहते. सतरंजीवर गुडघे आणि तळहात टेकून मार्जारासन करून पाहा. श्वास सोडत पाठ वर उचलायची, घेत हळूच खाली सोडायची. तिसऱ्या-चौथ्या वेळी नेमकं कळतं की मणक्याचा वरचा भाग हलतोय आणि कंबर मात्र दगडासारखी गप्प आहे. लक्ष द्यायचं ते इथे. स्नायू ओढल्यासारखा वाटला तर तो ताण, तो चालतो. सुईसारखं टोचलं किंवा पायात झिणझिण्या उतरल्या तर ती कळ, तिथून मागे यायचं. उद्या सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर आज जास्त झालं, एवढा हिशोब पुरे.

प्राणायामाने रक्तातला ऑक्सिजन वाढतो, हा आणखी एक लाडका समज. निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन एरवीही पंचाण्णव टक्क्यांच्या वर असतो, तो आणखी किती वाढणार? भराभर श्वास घेतल्यावर डोकं हलकं होतं ते कार्बन डायऑक्साइड घटल्यामुळे. उच्छ्वास लांबवला की फायदा होतो तो वेगळा: हृदयाची गती मंदावते आणि जीव शांतावतो. पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, हर्निया असेल किंवा गरोदरपण असेल, तर झटक्याने श्वास सोडायची कपालभाती नकोच.

‘योगाने ब्लॉकेज उघडतात, गोळ्या बंद करा’ या सल्ल्याची मात्र मला भीती वाटते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे चार हजार रुग्णांवर भारतातल्या २४ रुग्णालयांत योगाधारित पुनर्वसनाचा मोठा अभ्यास झाला, २०२० मध्ये प्रसिद्धही झाला. मृत्यू, नवा झटका, पक्षाघात वगैरेंच्या एकत्रित प्रमाणात ठामपणे सांगावा असा फरक दिसला नाही. पण योग करणाऱ्यांना आपली तब्येत अधिक चांगली वाटत होती आणि ते झटक्याआधीच्या कामाधामाला जास्त प्रमाणात परतले. एवढं मिळालं तरी पुष्कळ आहे. ते मिळालं तेव्हा त्यांची नेहमीची औषधं चालूच होती.

‘योगाने अपाय होतच नाही’ हेही तितकंच कच्चं. शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो, म्हणून काचबिंदू असलेल्यांनी ते टाळावं. हाडं ठिसूळ झालेल्या आजीने कंबरेतून खोल वाकू नये, मणका दबण्याचा धोका असतो.

आणि दुखण्यासोबत ताप असेल, पडल्यामुळे पाठ धरली असेल, पायातलं बळ गेलं असेल, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल, तर सतरंजी गुंडाळायची आणि लगेच रिक्षा बोलवून दवाखाना गाठायचा.