मनकवड्याची फी ३,२०० डॉलर

दौऱ्यावरच्या सरकारी कर्मचाऱ्याने राहण्या-जेवण्यावर किती खर्च करावा, याचे अमेरिकेतले दर ‘जनरल सर्व्हिसेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ हे खाते ठरवते. त्याच खात्याने ऑक्टोबर २०१० मध्ये लास व्हेगासजवळच्या एका आलिशान रिसॉर्टमध्ये सुमारे ३०० जणांची परिषद भरवली. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणायचे! खर्च झाला ८ लाख २२ हजार डॉलरहून अधिक. त्यातले १ लाख ३० हजारांवर डॉलर तर जागा पाहण्यात आणि तयारीच्या बैठकांसाठी झालेल्या दौऱ्यांतच उडाले. न्याहारी माणशी ४४ डॉलर, सायकली जोडण्याचा सांघिक खेळ ७५ हजारांचा, शिवाय आठवण म्हणून खास पाडलेली नाणी. मनातले ओळखून दाखवणाऱ्या कलाकारालाही ३,२०० डॉलर मोजले. चौकशीत काय निघेल, हे त्यालाच आधी विचारायला हवे होते.

महानिरीक्षकांचा अहवाल २ एप्रिल २०१२ रोजी बाहेर आला आणि खात्याच्या प्रमुख मार्था जॉन्सन यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. मे महिन्यात व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने सर्वच खात्यांना बजावले : एका परिषदेवर ५ लाख डॉलरपेक्षा जास्त खर्च नको, करायचाच तर खातेप्रमुखाने अपवादाचे कारण लेखी द्यावे.