गळालेलं मनगट पुन्हा उचलताना

खुर्चीच्या पाठीवर दंड टाकून गाढ झोप लागते आणि सकाळी मनगट उचलतच नाही. पंजा खाली लोंबतो, बोटं सरळ होत नाहीत. घरात लगेच ‘लकवा’ हा शब्द निघतो. तोंड वाकडं झालं असेल, जीभ अडखळत असेल किंवा पायातला जोर गेला असेल, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावं. फक्त मनगट आणि बोटंच उचलत नसली, तर बहुधा दंडातली रेडियल नस दबलेली असते. पण तेही त्याच दिवशी डॉक्टरांनीच ठरवायचं.

ही नस दंडाच्या हाडाला मागून वळसा घालते. तिथे ती हाडाला लगटून जाते, म्हणून दाबात चटकन सापडते. हे हाड मोडलं तरीही ती दुखावू शकते.

मूठ आवळणाऱ्या स्नायूंचा या नसेशी संबंध नाही. तरी पकड ढिली का पडते? निरोगी हातावर करून बघा: मनगट पूर्ण खाली वाकवा आणि मूठ घट्ट आवळा. जोरच येत नाही. बोटांना जोर धरायला मनगट थोडं वर लागतं. मनगटाला बांधायचा आधार, म्हणजे स्प्लिंट, तेवढंच करतो. तो बांधल्यावर पाण्याचा पेला पुन्हा धरता येतो.

बरं व्हायला किती दिवस लागतील, हे इजा कुठवर गेली यावर ठरतं. ब्रिटिश शल्यविशारद हर्बर्ट सेडन यांनी १९४३ साली तिच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिलीत वायरचं आवरण खराब व्हावं तसं होतं, आतला धागा शाबूत असतो. काही आठवड्यांत किंवा दोन-तीन महिन्यांत हात सुधारतो. दुसरीत धागा तुटतो, पण त्याची वाट शिल्लक राहते, आणि तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढत पुढे सरकतो. तिसरीत नसच तुटते; तिथे शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर नाही.

परतण्याचा क्रम ठरलेला असतो. अंगठा वर ठेवून कोपर वाकवताना, कोपराजवळ अंगठ्याच्या बाजूचा स्नायू फुगू लागला की वाट सुरू झाली. मग मनगट उचलतं, तेही आधी अंगठ्याकडे झुकून. त्यानंतर बोटं, अंगठा आणि तर्जनी बहुधा सगळ्यांत शेवटी. या काळात दुसऱ्या हाताने मनगट आणि बोटं रोज सावकाश पूर्ण सरळ करायलाच हवीत. आखडलेल्या सांध्याला परतलेली नस काय हलवणार? जोरजोरात चोळून मात्र नस लवकर वाढत नाही.

तीन-चार महिन्यांत काहीच हालचाल दिसली नाही, तर शल्यविशारदांशी बोलणं लांबवू नये. नसेविना राहिलेला स्नायू साधारण दीड वर्षानंतर सहसा प्रतिसाद देत नाही. तरीही मार्ग उरतो: तळहात पालथा करणाऱ्या स्नायूचा कंडरा मनगट उचलणाऱ्या कंडऱ्याला जोडतात. मग फिजिओथेरपिस्ट रुग्णाला सांगतात, ‘तळहात पालथा करा’, आणि मनगट वर येतं.