हृदयाचा कर्करोग : फसवी लक्षणे, अवघड शस्त्रक्रिया

फुप्फुस, यकृत, स्तन, रक्त यांच्या कर्करोगाविषयी आपण वारंवार ऐकतो. हृदयाच्या कर्करोगाविषयी मात्र क्वचितच. त्याचे एक कारण हृदयाच्या घडणीत दडले आहे. कर्करोग म्हणजे पेशींचे बेबंद विभाजन आणि हृदयाच्या स्नायुपेशी तर जन्मानंतर फारशा विभागल्याच जात नाहीत. शवविच्छेदनाच्या नोंदी पाहता हृदयातच उगम पावलेली गाठ दहा हजारांत जेमतेम दोघांना आढळते. त्यांतही सुमारे तीन-चतुर्थांश गाठी कर्करोगाच्या नसतात. ‘मिक्झोमा’ ही त्यांतील प्रमुख गाठ. १९५४ साली स्टॉकहोम येथे डॉ. क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने ती प्रथम यशस्वीपणे काढली.

खरी चिंता सार्कोमाची. त्यातील अँजिओसार्कोमा बहुधा उजव्या कर्णिकेत वाढतो. धाप लागणे, पायांवर सूज, हृदयावरणात पाणी होणे ही त्याची लक्षणे इतर अनेक विकारांतही दिसतात. आपल्या देशात असे पाणी क्षयरोगानेही होते, त्यामुळे प्रथम संशय तिकडे जाणे स्वाभाविकच. परंतु पाणी रक्तमिश्रित असेल आणि काढूनही पुनःपुन्हा साचत असेल, तर शोध तेथेच थांबवू नये. पाण्याच्या तपासणीत कर्कपेशी आढळल्या नाहीत, एवढ्यावरून कर्करोग नाही असे ठरत नाही. इकोकार्डिओग्राफीने गाठ दिसते, एमआरआयने तिचा विस्तार कळतो. निश्चित निदान मात्र गाठीचा तुकडा तपासल्यावरच होते.

डाव्या कर्णिकेच्या मागील भिंतीवरील गाठ तर शल्यविशारदाच्या हाताला सहजी लागतच नाही आणि थोडी जरी मागे राहिली, तरी ती पुन्हा वाढते. यावर १९९८ साली ह्यूस्टन येथे डॉ. मायकेल रिअर्डन यांनी एक धाडसी मार्ग यशस्वी करून दाखविला. रुग्णाचे हृदय शरीराबाहेर काढायचे, थंडगार ठेवून त्यातील गाठ कापायची, पडलेली भगदाडे गाईच्या हृदयावरणाच्या ठिगळांनी बुजवायची आणि तेच हृदय पुन्हा जागी जोडायचे! हृदय स्वतःचेच असल्याने शरीर ते नाकारत नाही. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधेही लागत नाहीत. कर्करोगाच्या रुग्णाला हा लाभ लहान नव्हे.

अर्थात ही शस्त्रक्रिया मोजक्याच केंद्रांत आणि निवडक रुग्णांवरच होते. उजव्या बाजूच्या सार्कोमात पुष्कळदा आधी रसायनोपचाराने गाठ लहान करतात. शस्त्रक्रियेविना बहुतेकांचे आयुष्य वर्षभराच्या आतच संपते; गाठ समूळ निघाल्यास ते लांबते. त्यानंतरही दर काही महिन्यांनी छातीचे स्कॅन करावेच लागते, कारण हा रोग फुप्फुसात लवकर पसरतो.